मास्तर रेडिओ मागत होते तेव्हा

बस-थांब्यासमोरच्या इमारतीत जिन्याखाली एक तिरकी जागा आहे. उभं राहायला जावं तर डोकं आपटतं, म्हणून तिथं वर्षानुवर्षं कुणी दुकान थाटलं नव्हतं. ते चेनवालीनं थाटलं. ती मुळातच बुटकी, आणि काम सगळं बसून करायचं, तेव्हा जिना तिला काय आडवा येणार? एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाली, आणि मधे ही. बॅगा, जाकिटं, पर्सा, उशांचे अभ्रे, ज्याची म्हणून चेन बिघडली ते सगळं हिच्या मांडीवर येऊन पडायचं.

तिची काम करायची रीत अशी, की ती रनर कधी ओढून बघायची नाही. रनर म्हणजे चेन उघडझाप करणारा तो पुढचा तुकडा. तो ओढून ओढूनच लोक चेनीची वाट लावतात, असं तिचं म्हणणं. ती आधी चेन मांडीवर सरळ करायची, डोळे मिटायची आणि बोटानं खालपासून वरपर्यंत चाचपत जायची. खाली कुठंतरी एक दात चुकीच्या खाचेत बसलेला असतो, आणि तेवढ्यानं वर गळ्यापाशी एक बाजू उंच, एक बाजू बुटकी. माणूस गळ्यापाशी बघतो आणि म्हणतो, जाकीट बिघडलं. जाकिटाला काय धाड भरलीय? सगळे दात धडधाकट असतात, फक्त शेजारी बदललेले असतात.

तिचा नवरा गाडी शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, घरातसुद्धा. त्यांची शिकवायची गाडी होती, तिला मास्तरांच्या बाजूनंही एक ब्रेक होता, आणि त्या ब्रेकवरचं रबर त्यांच्या बुटानं घासून घासून आरशासारखं झालं होतं. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली असेल. दिवसभर बडबड करून करून घरी आले की गप्प. बायकोचं मात्र उलटं. ती दिवसभर खाली मान घालून चेनी बसवायची, आणि जेवायला बसली की तोंडाचा पट्टा सुरू. कुणाच्या बॅगेत काय सापडलं, कुठल्या बाईनं लग्नातलं जाकीट अजून कसं जपलंय, असलं सगळं. फार झालं की मास्तर टेबलाखाली उजवा पाय जमिनीवर दाबायचे. ब्रेक. ती हसायची आणि दुसरा विषय काढायची. ब्रेक लागून थांबणारी ती गाडीच नव्हती.

ज्या सकाळी मास्तरांना झटका आला, तेव्हा शेजारी शिकणारी मुलगी चाकावर होती. मास्तरांचा हात मांडीवरून खाली लोंबला आणि मान कलली. त्या पोरीचं शिकणं अजून पुरतं झालेलंही नव्हतं. पण तिनं मागचं बघितलं, दिवा दिला, गाडी अलगद कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग दवाखान्याला फोन केला. सगळं मास्तरांनी शिकवलेल्या क्रमानं. चेनवाली पुढं कितीतरी दिवस भेटेल त्याला हे सांगायची, की त्या पोरीनं घाबरून मधेच थांबवली असती गाडी, तर मागनं बस आली असती. वाचलं ते तिच्यामुळं.

जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ज्या माणसानं आयुष्यभर बोलण्याचीच भाकरी खाल्ली, त्याच्या तोंडून आता एकच आवाज निघे, आणि तोही कशासाठी निघाला हे कुणाला कळत नसे. डावा हात तेवढा चालत होता.

दवाखान्यात खालच्या मजल्यावर साधा वॉर्ड होता. वरच्या मजल्यावर वेगळा विभाग होता, तिथं अशा माणसांना पुन्हा बोलायला, चालायला शिकवत. पण वर खाटा थोड्या. डॉक्टरांनी चेनवालीला समोर बसवून नीट सांगितलं होतं, की ज्याला आपलं बोलणं समजतं, त्यालाच त्या व्यायामाचा उपयोग होतो. ज्याची समजच गेली असेल, त्याला घरी नेऊन जपायचं, एवढंच आपल्या हातात. मास्तरांना कितपत समजतं ते आठवडाभर बघू आणि मग ठरवू. डॉक्टर वाईट नव्हते. खोटी आशा दाखवून माणसाला लटकत ठेवायचं नाही, अशी त्यांची सवय होती.

बोलण्याचे व्यायाम घेणारी एक बाई होती. तिनं एक युक्ती सुचवली. मास्तरांना अक्षरं हलताना दिसत, पण चित्र ओळखू येत होतं. तेव्हा एका पानावर डावीकडे फोटो आणि उजवीकडे त्यांचा अर्थ, असं काहीतरी करून आणा. मास्तर फोटोवर बोट ठेवतील, सिस्टर शेजारचं वाचतील. आणि फोटो बाजारातल्या वस्तूंचे नकोत, त्यांच्या घरातले हवेत. माणूस बाकी सगळं विसरतो, पण आपला पेला विसरत नाही, असं ती म्हणाली.

लेक लांबच्या शहरात नोकरीला होती, ती धावत आली होती. तिनं परत जायच्या आधी घरभर फिरून फोटो काढले. बाबांचा पेला म्हणजे पाणी. कान तुटलेला कप म्हणजे चहा. पांघरूण म्हणजे थंडी वाजते. आडवी ठेवलेली उशी म्हणजे उजव्या कुशीवर वळवा. चष्म्याचं घर म्हणजे चष्मा द्या. त्याखाली रेडिओ, म्हणजे रेडिओ लावा. मग आईची बिस्किटांची पत्र्याची पेटी, जिच्यात तिचे सगळे रनर असत, ती म्हणजे बायकोला बोलवा. मग गाडीतला तो घासलेला ब्रेक, म्हणजे पुरे, थांबा. आणि शेवटी खिडकीची कडी, म्हणजे खिडकी उघडा. "बायकोला बोलवा" लिहिताना लेकीला हसू आलं होतं. बाबांनी आईला कधी बोलावलेलं तिनं ऐकलंच नव्हतं. ते नुसते "अगं" म्हणत, आणि पुढचं वाक्य आई पूर्ण करी.

नोकरीच्या गावी पोचल्यावर तिनं कंप्युटरवर हे पान बनवलं. अक्षरंही मुद्दाम शोधून उतरवून घेतली, जाड आणि गोलसर, कारण बाबा कधीतरी पुन्हा वाचतील ही आशा. तयार झाल्यावर तिनं पडद्याचाच फोटो आईच्या फोनवर पाठवला, आणि मूळ पान वॉर्डात मेलनं पाठवलं. वॉर्डातल्यांना ते मोठं करता यावं, पुढं काही वाढवता यावं, म्हणून त्यांना मूळच हवं होतं. त्यांनी ते वॉर्डातल्या टॅबवर उघडलं आणि मास्तरांच्या खाटेशी लावलं.

चेनवाली रोज संध्याकाळी, भेटायच्या वेळेला जायची. तेव्हा तो टॅब चार्जिंगला कपाटात ठेवलेला असे. आणि तिला पान लागतंय कशाला? पांघरूण सरकलं तर ती ओढायची, चष्मा नाकावर चढवायची, आणि बोलत सुटायची. मास्तर ऐकत पडायचे.

पहिल्याच दोनतीन दिवसांत सिस्टरनं तिला बातमी दिली. सिस्टर पोक्त बाई, हाताला हलकी, तोंडाला मोकळी.

"मावशी, नशीबवान आहात हो. काका जेवताना घासाघासाला तुमची आठवण काढतात. चार चमचे झाले की बोट त्याच फोटोवर. बायकोला बोलवा."

चेनवालीचे कान तापले. या वयात असलं ऐकायची सवय नसते. तिनं दुसऱ्या दिवशी ते झेरॉक्सवालीला सांगितलं, हळूच, पण घड्याळवाल्याला ऐकू जाईल इतपत. झेरॉक्सवाली वयानं लेकीएवढी, थट्टेखोर. ती म्हणाली, चेनमावशी, आजारपणात का होईना, माणूस खरं बोलायला लागलं. त्या दिवसभरात चेनवालीच्या हातून सुई दोनदा निसटली.

सिस्टरची दुसरी बातमी मात्र तिला कळेना. काकांना रेडिओचं वेड लागलंय. सकाळ म्हणू नका, दुपार म्हणू नका, बोट दाखवतात आणि रेडिओ मागतात. लावला की मान फिरवतात, बंद केला की पुन्हा मागतात. चेनवालीला नवल वाटलं. घरी ते बातम्या ऐकत, आणि त्या झाल्या की स्वतः उठून बंद करत. पण डोक्यातच झटका आलाय, आवडी बदलत असतील, असं तिनं स्वतःला समजावलं.

मग बातम्या बिघडत गेल्या. काकांनी सूपची वाटी उडवली. काका हल्ली बोट दाखवायलाच तयार नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात. डॉक्टरांनी त्यांना पान दाखवून साधे प्रश्न विचारले आणि बोटाशेजारची अक्षरं वाचत गेले. तहान लागली तर काय मागाल? बरोबर दाखवलं. थंडी वाजली तर? तेही बरोबर. वाचायला काय लागतं? भलतंच काहीतरी. वारा हवा असेल तर? तेही भलतंच. डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की रोजच्या सवयीच्या गोष्टी राहिल्यात, बाकी समज दिसत नाही. आणि चेनवालीला निरोप दिला, उद्या दुपारी येऊन भेटा.

निरोपाचा अर्थ तिला कळला, मास्तरांना घरी न्या. दुसऱ्या दिवशी तिनं दुकान अर्ध्यावरच बंद केलं. झेरॉक्सवालीनं चावी ठेवून घेतली.

भेटायची वेळ नव्हती, पण सिस्टरनं तिला आत घेतलं, म्हणाली, जेवण चाललंय, बसा शेजारी, तुम्हाला बघून दोन घास जास्त जातील. मास्तरांना उशीला टेकवून बसवलं होतं. सिस्टर सूप भरवत होती आणि टॅब मास्तरांच्या मांडीवर होता. चेनवाली खाटेच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर बसली. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, चार चमचे घेतले, आणि डाव्या हाताचं बोट उचलून पानाच्या तळाशी टेकवलं.

"बघा," सिस्टर म्हणाली. "अहो काका, बायको ही काय समोर बसलीय. आता तरी जेवा."

मास्तरांनी बोट उचललं आणि पुन्हा तिथंच टेकवलं. मग तिसऱ्यांदा, जोरात. सिस्टरनं चमचा पुढं केला, आणि चेनवालीनं वाकून बघितलं की एवढं बोट आपटतंय कशावर.

"सिस्टर," ती म्हणाली, "हा ब्रेक आहे."

"कसला ब्रेक?"

"त्यांच्या गाडीतला. हे पुरे म्हणतायत."

सिस्टरनं चमचा वाटीत ठेवला. तिला त्या फोटोत कधी ब्रेक दिसलाच नव्हता. काळंसं काहीतरी होतं, माणसाच्या घरातली वस्तू, त्याची त्याला ठाऊक. बाकीच्या फोटोंकडेही तिनं कधी नीट बघितलं नव्हतं, ती आपली शेजारचं वाचत होती. आणि शेजारी स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं, बायकोला बोलवा.

चेनवालीनं आपला फोन काढला. लेकीनं पाठवलेल्या फोटोत ब्रेकशेजारी लिहिलं होतं, पुरे, थांबा. एकच पान, आणि दोन ठिकाणी दोन तऱ्हा. तिला आधी वाटलं, आपलीच नजर फिरली. मग तिनं टॅब मांडीवर घेतला, जशी ती जाकीट घेई, आणि बोट अगदी पहिल्या फोटोवर ठेवलं. सिस्टर शेजारी येऊन बसली. एकीनं फोटो सांगायचा, दुसरीनं अक्षरं वाचायची, असं दोघींचं सुरू झालं. पेला, पाणी. कप, चहा. पांघरूण, थंडी वाजते. उशी, उजव्या कुशीवर. इथं सिस्टर अडखळली, कारण "वळवा" हा शब्द त्या ओळीत मावला नव्हता. तो खाली उतरून चष्म्याच्या घराशेजारी एकटाच बसला होता. आणि तो तिथं बसला म्हणून चष्म्याचं वाक्य एक पायरी खाली गेलं होतं, रेडिओपाशी. रेडिओचं त्याच्या खाली. पुढचे सगळे तसेच.

"इथं दात चुकलाय," चेनवाली म्हणाली.

बोट पुढं सरकलं ते बिस्किटांच्या पेटीवर. सिस्टरनं सवयीनं वाचलं, रेडिओ लावा. मग तिनं फोनमधला फोटो बघितला, आणि बघतच राहिली. तिनं हळूच विचारलं, ही पेटी कुणाची?

"माझी," चेनवाली म्हणाली. सकाळ म्हणू नका, दुपार म्हणू नका. लावला की मान फिरवतात, बंद केला की पुन्हा मागतात. ती तिकडे जिन्याखाली लोकांच्या चेनी बसवत होती, आणि हा माणूस इथं दिवसभर तिला हाका मारत होता, आणि दर हाकेला लोक त्याला गाणी ऐकवत होते.

सिस्टरचे डोळे भरले. ती म्हणू लागली, की मावशी, मीच बघायला हवं होतं. चेनवालीनं तिचा हात धरला. खरं सांगायचं तर तिला राग येण्याजोगं काही सापडतच नव्हतं. वॉर्डात एवढी माणसं, तरी या बाईनं मास्तरांच्या एकाही बोटाकडे दुर्लक्ष केलं नव्हतं. दर वेळी उठून रेडिओ लावला होता. तिनं कंटाळून सोडून दिलं असतं, तर आज त्या रेडिओचा पत्ताही लागला नसता. हे तिला तिथं नीट बोलता आलं नाही, ती नुसती "असू दे गं, असू दे" म्हणत राहिली.

डॉक्टर आले तेव्हा दोघींनी एकदमच सांगायला सुरुवात केली. त्यांनी आधी एकीला गप्प केलं, मग दुसरीला, आणि टॅब नि फोन शेजारी शेजारी धरून बघितले. मग म्हणाले, मी स्वतः घरून पाठवलेला रिपोर्टही इथल्या यंत्रावर उघडला की रकाने इकडचे तिकडे होतात, आणि मला हे सुचलं नाही. फोनवरूनच लगेच विचारलं असतं, पण फोनवरचं चित्र बारीक होतं, मास्तरांचं एक बोट त्यावर दोन वस्तू झाकून टाकी. तेव्हा उद्या सकाळी नीट पान आणा, मी पुन्हा विचारतो, आणि तोवर घरी पाठवायच्या कागदावर सही करत नाही, असं त्यांनी सांगितलं. एवढंही करतात का लोक? चेनवालीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण त्यांना उशीर होत होता.

ती तडक झेरॉक्सवालीकडे आली. सिस्टरनं ते पान मेलवर पाठवून दिलं होतं. झेरॉक्सवालीनं ते ब्राउझरमध्येच उघडलं, आणि दोघी तोंडात बोट घालून बघत राहिल्या. इथं तर तिसरीच तऱ्हा. फोटो एका पानावर, वाक्यं दुसऱ्या पानावर, आणि ब्रेक आडवा.

"एकाच पानाची ही किती सोंगं गं?" चेनवालीनं विचारलं.

झेरॉक्सवालीचं रोजचंच दुखणं होतं ते. लोक घरी सुंदर अर्ज करून आणत, आणि इथं उघडला की तिच्याशी भांडत, की तू बिघडवलास. तिनं चेनवालीला समजेल असं सांगितलं. ते मूळ पान म्हणजे शिवून तयार झालेलं जाकीट नव्हेच. ती नुसती मापं आणि सूचना. इथं अमक्या अक्षरांत अमकं लिही, इथं तमका फोटो लाव. ज्या यंत्रावर उघडाल, ते यंत्र दर वेळी नव्यानं जाकीट शिवतं, आपल्या घरातलं सामान वापरून. तुमच्या लेकीनं अक्षरं खास शोधून आणली होती, ती तिच्या यंत्रात आहेत. टॅबमध्ये नाहीत. मग टॅबनं काय केलं? रडत नाही बसला. त्याच्याकडे होती त्यातली जवळची अक्षरं लावली. ती निघाली थोडी रुंद. कुशीवरचं वाक्य ओळीत मावेना, शब्द खाली पडला, आणि खालचे सगळे सरकले. माझा ब्राउझर आणखी वेगळ्या घरचा, त्यानं आणखी वेगळं शिवलं. कुणी मुद्दाम केलं नाही मावशी, ज्यानं त्यानं आपल्या परीनं बरोबरच केलं. तुमच्या फोनवर आला तो शिवून झालेल्या जाकिटाचा फोटो. तो कसा बदलणार?

चेनवालीला हे लगेच पटलं. तिच्याकडे पितळी रनर नसला की तीही जवळच्या मापाचा दुसरा लावून देई, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन म्हणे, पहिल्यासारखं सरकत नाही.

लेकीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "आई, मी बाबांचं बोलणंच बिघडवून ठेवलं."

"वेडी का तू," चेनवाली म्हणाली. "वरचं पाणी-चहा तर बरोबर पोचलं ना? तुझ्यामुळं पोचलं. एक दात चुकलाय, तो बसवू आपण."

मग झेरॉक्सवाली आणि लेक दोघींचं फोनवर बोलणं चाललं, त्यातलं चेनवालीला निम्मं कळलं. लेकीनं आता प्रत्येक फोटो आणि त्याचं वाक्य एकाच चौकटीत कोंडलं, म्हणजे वाक्य कितीही लांबलं तरी आपल्या फोटोला सोडून जायचं नाही. आणि सगळं पीडीएफ करून पाठवलं, अक्षरंही त्याच्या पोटात घालून, म्हणजे उघडणाऱ्या यंत्रानं आपल्या घरातलं काही लावायचं कामच नाही. झेरॉक्सवालीनं ते जाड कागदावर मोठं छापलं, वरून प्लास्टिक चढवलं, आणि कोपरे कापून गोल केले, म्हणाली, काकांना टोचायला नकोत.

सकाळी सिस्टर दारातच उभी होती. पण मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. उठवून बसवलं, पान मांडीवर ठेवलं, तर त्यांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही. डावा हात पांघरुणाखाली. खरंच आहे. इतके दिवस बोलून बघितलं, दर वेळी जग भलतंच काहीतरी करी. आता आणखी एक पान आलं म्हणून माणूस का विश्वास ठेवील? डॉक्टर येऊन पायाशी उभे राहिले, घाई न करता.

समजावून सांगावं तर काय सांगणार? मग तिनं जे येत होतं ते केलं. स्टूल पुढं ओढलं आणि बोलायला लागली. परवा एक बाई प्रवासाची बॅग घेऊन आली, निळी, तिची चेन मधेच उलटी फाकत होती, तर ती बाई म्हणते कशी, की ही बॅग माझ्या नणंदेची, आणि नणंद अशी की तिनं आधी ती तिच्या जावेकडून घेतलेली, आणि त्या जावेचा भाऊ म्हणजे आपल्या घड्याळवाल्याकडे मागं यायचा तो, नव्हे, त्याचा थोरला, तर त्या थोरल्याची बायको. सिस्टर तिच्याकडे बघतच राहिली. डॉक्टरांनी घड्याळाकडे नजर टाकली. चेनवाली नणंदेवरून जावेवर आणि जावेवरून बॅगेच्या अस्तरावर चाललीच होती.

पांघरूण हललं. डावा हात बाहेर आला. बोट पानावरून खाली खाली गेलं आणि ब्रेकवर टेकलं.

चेनवाली शब्दाच्या मधेच थांबली. आख्ख्या संसारात ती अशी कधी थांबली नव्हती.

मास्तरांनी मान वळवली. तिच्याकडे बघितलं, मग पानाकडे. तिनं, जणू काही झालंच नाही अशी, बॅगेची गोष्ट पुन्हा सुरू केली. बोट पुन्हा ब्रेकवर. ती पुन्हा गप्प. मास्तरांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. ते हसणं होतं हे डॉक्टरांनाही सांगावं लागलं नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं. वाचायला काय लागतं? चष्म्याचं घर. वारा हवा तर? खिडकीची कडी. वळायचं असेल तर? उशी. त्यांनी मुद्दाम विचारलं, रेडिओ लावू का? मास्तरांनी इतक्या जोरात मान हलवली की चष्मा घसरला. सिस्टर हसता हसता डोळे पुसू लागली. डॉक्टरांनी तिथंच उभ्या उभ्या कागदावर लिहिलं, वरच्या मजल्यावर खाट द्यावी. आणि मास्तरांचा डावा हात हातात घेऊन म्हणाले, "काका, तुम्ही बरोबर बोलत होता. ऐकायला आम्ही चुकलो."

सगळे निघाले तेव्हा मास्तरांचं बोट पुन्हा उठलं आणि बिस्किटांच्या पेटीवर टेकलं. सिस्टरचा हात सवयीनं रेडिओकडे गेला, आणि अर्ध्यातूनच मागं आला.

"मावशी, तुम्हाला बोलावलंय."

"इथंच आहे की मी," चेनवाली म्हणाली. बोट हलेना. तेव्हा ती उठली, स्टूल आणखी जवळ घेतलं, आणि मग बोट हललं.

वरच्या मजल्यावर गेल्यावर मास्तरांनी पुष्कळ दिवस कष्ट केले. आता ते घरी आहेत, थोडं बोलतात, तुटक, आणि गाडी शिकवल्यासारखं. चेनवालीनं सिस्टरच्या पर्सची चेन बसवून दिली आहे, डॉक्टरांच्या बॅगेची, गाडी कडेला घेणाऱ्या त्या पोरीच्या जाकिटाची, आणि झेरॉक्सवालीच्या घरातली तर एकही चेन तिनं सोडली नाही. बिघडलेली नव्हती तीसुद्धा चाचपून बघितली. माणसांचे उपकार मनात ठेवून गप्प बसणं तिला जमत नाही, हाताला काहीतरी काम लागतं.

तिचं दुकान अजून जिन्याखालीच आहे. दुपारी कधी घड्याळवाला रेडिओ लावतो. गाण्याचा पहिला सूर आला की चेनवालीचा हात थांबतो, ती मान वर करते आणि म्हणते, "ओ, आले." मग तिचं तिलाच हसू येतं. पण ती दुकान थोडं लवकरच बंद करते, आणि घड्याळवाल्याला सांगून जाते की आवाज वाढव जरा.